३०१ लावल्यावर साइट गोल गोल फिरतेय, 'टू मेनी रीडायरेक्ट्स'

कोथरूडकर_वाचक:
नमस्कार मंडळी, आमच्या कोथरूडच्या वाचनालयाची साइट मी घरच्याच पीसीवर चालवतो, उबंटू आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पुढे सीडीएन आहे, म्हणजे वाचक आणि माझा पीसी यांच्यामधली सेवा. सर्टबॉट या प्रोग्रामने लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट घेतलंय, एचटीटीपीएस (कुलूपवालं, सुरक्षित) टाकलं की साइट छान उघडते, पण बरेच सभासद वयस्कर आहेत, ते व्हॉट्सॅपवर फिरणारी जुनी एचटीटीपी लिंकच दाबतात आणि त्यांचा पासवर्ड, मोबाइल नंबर सगळं उघडं जातं, हे मला अजिबात पटत नाही. म्हणून एचटीटीपीच्या पोर्ट ८० वर ३०१ (एचटीटीपीएसवर पाठवणारा कायमचा रीडायरेक्ट) लावला तर आता साइटच उघडेना. कुठे बघू?

पेठेतला_लिनक्सवाला:
एनजिनएक्स ठीक असणार, आधी सीडीएन बघा. ब्राउझर ते सीडीएन एचटीटीपीएस पण सीडीएन ते तुमचा पीसी साधं एचटीटीपी असं सेटिंग असलं की हेच होतं, तुमच्या सर्व्हरला विनंती ८० वर आलेली दिसते, तो एचटीटीपीएसवर जा म्हणतो, ब्राउझर तर आधीच तिथे असतो, मग परत तेच. क्लाउडफ्लेअर असेल तर एसएसएल मोड 'फ्लेक्सिबल' असेल, तो 'फुल स्ट्रिक्ट' करा. आणि राउटरवर ४४३ (एचटीटीपीएसचं पोर्ट) तुमच्या पीसीकडे फॉरवर्ड आहे ना? बाहेरून कुलूप दिसतं ते सीडीएनच्या सर्टिफिकेटचं असू शकतं.
सगळं बसेपर्यंत ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) ठेवा, ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतात, नंतर तुम्ही दुरुस्त केलं तरी लोकांच्या फोनवर जुनंच चालू राहतं.

हडपसर_नेट:
पोर्ट ८० बंदच करून टाका ना, एचटीटीपी नाही तर भानगड नाही.

पेठेतला_लिनक्सवाला:
नको हो, मग जुन्या लिंकवरून येणाऱ्या आजोबांना एरर दिसेल. शिवाय सर्टबॉट नेहमीच्या पद्धतीने चालवला असेल तर लेट्स एन्क्रिप्ट तपासणीला ८० वरच येतं, आणि सर्टिफिकेट जास्तीत जास्त ९० दिवसांचंच असतं, रिन्यू अडकलं की पुन्हा सगळं ठप्प.

सिंहगडरोड_ॲडमिन:
एक भर घालते. नुसत्या रीडायरेक्टने पहिली विनंती उघडीच जाते, कॅफेच्या वायफायवर कोणी मधे बसला असेल तर तो तिथेच अडवू शकतो. त्यासाठी एचएसटीएस हेडर लावा, म्हणजे एकदा येऊन गेलेला ब्राउझर पुढच्या वेळी थेट एचटीटीपीएसवरच जातो. पण आधी मॅक्स-एज (ब्राउझरने हे किती वेळ लक्षात ठेवायचं ते) ३०० सेकंद ठेवून बघा, सगळं नीट चाललं की मग ३१५३६००० म्हणजे वर्षभर, कारण एकदा ब्राउझरमधे बसलं की तुम्हाला लांबून लगेच काढता येत नाही. एखादं सबडोमेन (मुख्य पत्त्याखालचा वेगळा पत्ता) एचटीटीपीवर असेल तर 'इन्क्लूड सबडोमेन्स' लावू नका. लॉगिनच्या कुकीला 'सिक्युअर' (ती फक्त एचटीटीपीएसवरूनच जाते) मात्र आजच लावा.

कोथरूडकर_वाचक:
फ्लेक्सिबलच होतं! ४४३ पण फॉरवर्ड नव्हतं, दोन्ही केलं आणि फिरणं थांबलं, खूप खूप आभार. सध्या ३०२ आणि एचएसटीएस ३०० वर ठेवलंय, सबडोमेन सोडून, कारण बॅकअपच्या सबडोमेनचं पान अजून एचटीटीपीवर आहे. कुकीचं आता लगेच बघतो.