मदत हवी आहे: प्रदर्शनाला चित्र पाठवायचंय, काच लावू का अ‍ॅक्रिलिक? (अर्जंट)

साधना_मिरज
मुलीचं चित्र सिलेक्ट झालंय, मुंबईला पाठवायचंय, फ्रेम करून मागितलंय. इथला फ्रेमवाला म्हणतो काचच लावा, कुरिअरवाला म्हणतो काच असेल तर आमची जबाबदारी नाही. अ‍ॅक्रिलिक शीट चालते का? चित्र फिकं दिसतं का त्यात? उद्या दुपारपर्यंत फ्रेमवाल्याला सांगायचंय. ज्यांनी पाठवलंय त्यांनीच सांगा प्लीज.

कुंचला
चित्र कशातलं आहे? कॅनव्हासवर असेल तर काचेचा प्रश्नच येत नाही. साइज सांगा. नियमावलीत काय लिहिलंय?

साधना_मिरज
वॉटरकलर. मोठं आहे. नियमात "फ्रेम केलेले व टांगण्यास योग्य" एवढंच आहे.

कुंचला
मोठं म्हणजे? कागद क्वार्टर इंपिरियल की हाफ?

बाळू_सांगली
ताई, मुलगी कितवीत आहे? इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली का? ए ग्रेड आली की दहावीला 15 मार्क वाढतात. ह्या प्रदर्शनांनी काही होत नाही, ते आधी करा.

रंगपेटी
बाळू, 15 कधीच गेले. आता ए ला 7, बी ला 5, सी ला 3. आणि हा विषय वेगळा आहे. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, ग्रेड परीक्षेला दरवर्षी मुलं बसवतो. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, त्याने हात बसतो हे खरं, पण मुलाला स्वतःला काय दिसतं ते तिथे कळत नाही. स्मरणचित्रात दरवर्षी तेच बाजार नि तेच बसस्टँड.

बाळू_सांगली
सर, हात बसल्याशिवाय दिसून काय उपयोग? आमच्या पोरीचा इंटरमिजिएटमुळेच सराव झाला. भूमितीचे मार्कपण वाढले.

साधना_मिरज
नववीत आहे, हाफ इंपिरियल, 15 बाय 22 इंच. इंटरमिजिएट यंदा देणारच आहे. कृपया फ्रेमचं सांगा.

फ्रेमिंग_गुरु
काकू, ऐका. वॉटरकलर काचेला कधीच चिकटू द्यायचं नाही. दमट हवेत काचेच्या आतून पाणी धरतं, रंग काचेला लागतो, बुरशीचे ठिपके पडतात आणि मुंबईत तर पावसाळ्यात फारच. म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, चारी बाजूंनी तीन इंच, पांढरा किंवा ऑफव्हाइट, अ‍ॅसिड फ्री मिळाला तर उत्तम. मग फ्रेम 21 बाय 28 च्या आसपास जाते. त्यावर 2 एमएमची अ‍ॅक्रिलिक शीट घ्या, वरची प्लॅस्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढू नका, चरे पटकन पडतात. फिकं दिसत नाही, फक्त धूळ ओढून घेते. मागे दोन डी रिंग आणि पक्की नायलॉनची दोरी, खिळ्याला लोंबणारं ते त्रिकोणी हुक नको.

ज्योत्स्ना_के
मला एकच विचारायचंय, ह्या प्रदर्शनाला फी किती आहे?

साधना_मिरज
प्रदर्शन शुल्क 4000. फ्रेम आणि कुरिअर आपलं. पण मी ते विचारलं नव्हतं.

ज्योत्स्ना_के
विचारलं नाहीत पण मी सांगणार. माझ्या मुलाला असंच "आंतरराष्ट्रीय गोल्ड" मिळालं, घरी पार्टी झाली, फोटो टाकले, नंतर कळलं त्याच्या क्लासमधल्या सगळ्यांना गोल्ड. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवले, सगळ्यांना "अभिनंदन" आणि मग पैसे. पोराला ते कळलं तेव्हा त्याने काही महिने ब्रश हातात धरला नाही. चौदा पंधराच्या वयात ह्या गोष्टी लागतात हो मुलांना.

रंगपेटी
ताई, तुमचं दुःख समजतं पण फी घेतली म्हणजे फसवणूक असं नसतं. हॉलचं भाडं, कॅटलॉग, मांडणी, खर्च असतोच, नावाजलेल्या संस्थाही प्रवेशशुल्क घेतात. बघायचं वेगळं असतं. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? निवड झालेल्यांची यादी सगळ्यांना दिसते का? किती चित्रं आली आणि किती घेतली ते सांगतात का? चित्र परत कधी, कोणाच्या खर्चाने? चित्राचे हक्क कोणाकडे राहतात?

ज्योत्स्ना_के
आणि फुकटवाल्या स्पर्धा आहेत की. शंकर्सची आंतरराष्ट्रीय बालस्पर्धा 1949 पासून चालू आहे, वय सोळाच्या आत, शुल्क नाही.

रंगपेटी
ती छानच आहे. कला उत्सवसुद्धा, नववी ते बारावी, 2015 पासून, शाळेमार्फत जिल्हा मग राज्य मग राष्ट्रीय. पण तिथे चित्र भिंतीवर लागून अनोळखी माणूस समोर थांबतो हा अनुभव प्रत्येकाला मिळत नाही. तो ह्या वयात एकदा मिळायला हवा.

साधना_मिरज
परीक्षकांची नावं नाहीत पत्रात. परत करण्याबद्दल लिहिलंय "न नेलेली चित्रे आयोजकांच्या ताब्यात राहतील". आता काय करू? फ्रेमवाला फोन करतोय.

कुंचला
मग चित्र कुरिअर करूच नका, तुम्हीच घेऊन जा. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरजेला येते, सकाळी मुंबईत. 28 इंची फ्रेम बर्थखाली आडवी बसते. परत आणायलाही कोणीतरी जाणारच, तारीख आत्ताच लिहून घ्या आणि चित्र दिल्याची सहीशिक्क्याची पोच घ्या. मागच्या बाजूला नाव, इयत्ता, शीर्षक, माध्यम, साइज, फोन असं लेबल चिकटवा, साध्या पेनने नको, पाण्याने पुसतं.

टेकडीवाला
तुमच्याकडे जवळच औंधचं भवानी संग्रहालय आहे, मुलीला नेलं का? औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, 1938 ला बांधलं, रवि वर्म्यांची मूळ चित्रं आहेत. मुंबईपेक्षा ते दाखवा. कोल्हापुरात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं संग्रहालयही आहे, त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघण्यासारखी.

बाळू_सांगली
औंधला आम्ही गेलो होतो तेव्हा बंद होतं. कोणत्या वारी बंद असतं माहीत आहे का कोणाला?

टेकडीवाला
सोमवारी असावं बहुतेक, फोन करून जा.

फ्रेमिंग_गुरु
चित्र कशाचं आहे हे कोणीच विचारलं नाही. गडद असेल तर अ‍ॅक्रिलिकवर लाइटचं रिफ्लेक्शन येतं, त्यावरून मॅट, म्हणजे चकाकी नसलेली शीट घ्यायची का ठरवता येईल.

साधना_मिरज
आमच्या इथल्या सतारमेकर गल्लीतल्या कारखान्याचं आहे. वर भोपळे टांगलेत, खाली एक काका तुंब्यावर काम करताहेत, खिडकीतनं ऊन त्यांच्या हातावर आणि भुशावर पडलंय. ऊन म्हणून तिने कागदच कोरा सोडलाय, रंग लावलाच नाही. कोपरे मात्र बरेच काळपट आहेत.

फ्रेमिंग_गुरु
मग मॅट अजिबात नको, मॅटने ते पांढरं धुरकट होईल. साधी अ‍ॅक्रिलिकच घ्या, माउंट ऑफव्हाइट, फ्रेम बारीक लाकडी. शुभ्र माउंट लावला तर कोऱ्या कागदाचा उजेड मागे पडेल.

रंगपेटी
फोटोवरून काढलंय का? फोटो स्वतःचा असेल तर तसं अर्जात लिहा, कुठला नेटवरचा असेल तर चित्र बाद करतात.

साधना_मिरज
नाही, तिथे बसून काढलंय, त्या काकांना विचारून. त्यांनीच स्टूल दिलं.

साधना_मिरज
अपडेट. आयोजकांना फोन केला. परीक्षकांची नावं विचारली तर "उद्घाटनाला कळेल" म्हणाले, यादीही देणार नाहीत. मुलीशी बोलले. तिचं म्हणणं, परीक्षक कोण ते सांगत नसतील तर नको, कला उत्सवाला शाळेत नाव देते आणि हे चित्र काकांच्या कारखान्यात लावूया का विचारते. फ्रेम करतेच आहे, साधी अ‍ॅक्रिलिक, ऑफव्हाइट माउंट. गुरु, तिथे भुसा उडतो, फ्रेमच्या मागच्या बाजूला काही सील करावं लागेल का?

फ्रेमिंग_गुरु
हो, मागून ब्राऊन पेपरची टेप चारी बाजूंनी पूर्ण फिरवा, मधे फट नको. आणि डी रिंगचे स्क्रू टेप लावल्यानंतर बसवा.