प्रतिसाद: आधी इमारत की आधी संग्रह?

वर एकांनी लिहिलंय, की जिल्ह्यात कलासंग्रहालय काढायचं तर सरकारने आधी इमारत द्यावी, वस्तूंचं मग बघू. मला हे उलटं वाटतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर बघा. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतःच्या हौसेने गोळा केल्या, आणि त्याच संग्रहावर आजचं शासकीय संग्रहालय उभं आहे. सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या तर आहेतच, पण थांबायचं ते हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी. तशीच घडण इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीची आहे. म्हणजे जुन्या तगर नगरीचा (तेरचंच हे जुनं नाव) व्यापार कुठवर पोचला होता, ते ही छोटीशी मूर्ती सांगते. (आणि हे गाव पुन्हा गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं. मातीशी नातं जुनंच!)

मुंबईला नेल्या असत्या तर त्याच बाहुल्या कोपऱ्यातल्या एका कपाटात गेल्या असत्या. तेव्हा नव्या संग्रहालयाच्या घटनेत दोन कलमं आधी घाला: वस्तू गावाबाहेर कायमची जाणार नाही, आणि प्रत्येकीची फोटोसकट नोंद होईल. भूमिपूजन नंतर करा.