विषय: समोरच्याच्या इन्शुरन्सची गाडी घ्यावी की नाही? उद्या दुपारपर्यंत सांगायचंय

प्रेषक: मेधा

मंडळी,

माझ्या गाडीला मागून एकाने ठोकलं, हे कळलंच असेल. मी ठणठणीत आहे, त्याबद्दल फोन नकोत. प्रश्न वेगळा आहे.

मागून ठोकणाऱ्याच्या इन्शुरन्स कंपनीतून फोन आला. म्हणे चूक आमच्या माणसाची, गाडी आम्हीच देतो, उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवा. त्याच्या आधी मी माझ्या ब्रोकरला फोन केला, तर त्याने मला परस्पर भलतीकडेच जोडून दिलं. तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या गाडीसारखीच गाडी आज संध्याकाळी दारात उभी राहील, एक पेनी द्यावी लागणार नाही, फक्त मोबाईलवर आलेल्या लिंकवर सही करा. माझ्या पॉलिसीतली कर्टसी कार (आपली गाडी दुरुस्त होईपर्यंत मिळते ती) म्हणाल तर ती चिमुकली हॅचबॅक, आणि तीही गॅरेजने काम हातात घेतल्यावर. इंजिनियर अजून गाडी बघायलाच आलेला नाही.

आईंची व्हीलचेअर हॅचबॅकमध्ये जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिघांपैकी कोणाला हो म्हणू? लिंकवर सही केलेली नाही.

मेधा

---

प्रेषक: सुहास

शनिवारचं साउंडचं सामान मी घेऊन जातो, ते डोक्यातून काढ. बाकी यात विचार कसला करायचा? समोरच्याची चूक, समोरच्याची गाडी. घेऊन टाक.

सुहास

---

प्रेषक: अरविंद

मेधा,

सही केली नाहीस हे उत्तम. त्या बाई जे देतायत त्याला क्रेडिट हायर म्हणतात. गाडी फुकट नसते, उधारीवर असते. भाड्याचा करार तुझ्या नावाने होतो, रोजचं भाडं तुझ्या नावावर चढत जातं, आणि शेवटी कंपनी ते समोरच्या इन्शुररकडून वसूल करते. वसूल झालं तर प्रश्न नाही. पण समोरच्याने उद्या जबानी फिरवली आणि चूक निम्मी-निम्मी ठरली, तर भाडंही निम्मंच सुटतं. उरलेल्या निम्म्याचं काय, ते करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. काही करारांसोबत त्यासाठी वेगळा विमा असतो, पण तू खोटं बोललीस किंवा सहकार्य केलं नाहीस असं ठरलं की तोही हात वर करतो.

ब्रोकरने परस्पर तिकडे का जोडलं हेही विचार. अशा गिऱ्हाइकामागे पैसे मिळतात. 2013 पासून रेफरल फीवर बंदी आली ती इजेच्या दाव्यांपुरती. गाडीच्या भाड्याला ती लागू नाही.

अरविंद

ता.क. सुहास, साउंडच्या सामानाची यादी माझ्याकडे आहे. मला विचारल्याशिवाय हलवू नये.

---

प्रेषक: पराग

अरविंदकाका, इतकं घाबरवू नका हो. मी क्रेडिट हायर घेतलं होतं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. माझं काम साइटवरचं, गाडी नाही तर कमाई नाही. माझी इन्शुरन्स कंपनी फोनवर गाणी ऐकवत होती तेव्हा या लोकांनी गाडी आणून दिली, माझी जुनी उचलून नेली, सगळे फोन त्यांनीच केले. मी एक पेनी भरलेली नाही.

मेधाताई, चूक सरळसरळ समोरच्याची आहे. मागून ठोकलंय. यात निम्मं-निम्मं कुठून येणार?

पराग

---

प्रेषक: अरविंद

परागसाठी.

तुझं प्रकरण कोर्टाच्या दारात जाऊन मिटलं, हे तू लिहायला विसरलास. बँकेची स्टेटमेंट्स कुठून डाउनलोड करायची हे विचारायला माझ्याच घरी आला होतास.

ती का मागितली हे इतरांनाही कळू दे. साधी गाडी साध्या दराने भाड्याने घ्यायला पैसे असताना तू महागडी उधारीची घेतलीस, तर कोर्ट बाजारातल्या साध्या दराएवढंच देतं. पदरचे पैसे घालणं परवडतच नव्हतं असं दाखवलंस तर पूर्ण दर मिळू शकतो. हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाचं ब्रिटनमधलं सर्वोच्च न्यायालय) 2003 सालचा लॅग्डन विरुद्ध ओ'कॉनर हा निकाल त्यासाठीच लोक पुढे करतात. पण परवडत नव्हतं म्हटलं की पगार, खाती, क्रेडिट कार्ड सगळं समोरच्या वकिलाच्या टेबलावर जातं. मेधाला ते हवंय का, हे तिनेच ठरवावं.

अरविंद

---

प्रेषक: शर्मिला (लिस्ट व्यवस्थापन)

नमस्कार,

ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. आर्थिक व कायदेशीर सल्ला इथे देऊ नये असं मॉर्गेजच्या प्रकरणानंतर समितीने ठरवलेलं आहे. मेधाताईंची अडचण खरी आहे, म्हणून हा धागा बंद करत नाही. पण कोणाच्या बँक खात्याचा विषय इथे नको.

शर्मिला

---

प्रेषक: पराग

शर्मिलाताई, माझ्या खात्याचा विषय मी काढलेला नाही याची नोंद घ्यावी. आणि मॉर्गेजच्या वेळी ठराव झाला नव्हता, नुसती चर्चा झाली होती. मी होतो त्या मीटिंगला.

---

प्रेषक: शर्मिला

इतिवृत्त पाठवू का?

---

प्रेषक: वंदना

मेधा, मी क्लेम्समध्ये नोकरी करते (कुठे ते इथे लिहीत नाही), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समोरची कंपनी स्वतःहून फोन करते त्याला आमच्याकडे थर्ड पार्टी कॅप्चर म्हणतात. नाव वाईट आहे, पण गाडी वाईट नसते. त्यांचा स्वार्थ उघड आहे: क्रेडिट हायरवाल्याचं बिल येण्याआधी स्वतःच्या ठरलेल्या दरात गाडी दिली की त्यांचे पैसे वाचतात. 2014 मध्ये कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मोटर इन्शुरन्सचा मोठा अहवाल काढला, त्यात हेच दुखणं मांडलं होतं. गाडी ठरवणारा एक, पैसे भरणारा दुसरा, मग खर्च फुगणारच. आणि तो फिरून सगळ्यांच्या प्रीमियमवर येतो.

त्यांनी देऊ केलेली गाडी तू नाकारलीस तर पुढे "हिने खर्च उगाच वाढवला" असं ते म्हणू शकतात. पण नुसत्या फोनवरच्या बोलण्याला फार वजन नाही. कॉप्ली विरुद्ध लॉन, कोर्ट ऑफ अपील, 2009: त्या गाडीचा त्यांना स्वतःला किती खर्च येतो हे सांगितलेलं नसेल, तर ती नाकारली म्हणून दावेदार चुकला असं धरत नाहीत. म्हणून उद्या हो किंवा नाही काहीच म्हणू नकोस. ईमेलवर लिहून दे म्हण. गाडीचा आकार, त्यांना पडणारा रोजचा खर्च, गाडी किती दिवस राहील, डिपॉझिट आहे का, त्या गाडीला पुन्हा काही झालं तर एक्सेस (नुकसानीतला आपण भरायचा वाटा) कोण भरणार, आणि दुसरा ड्रायव्हर चालेल का. व्हीलचेअर जायला हवी हेही लिही. तुझी गरज कागदावर आली पाहिजे, नाहीतर पुढे कोणीतरी विचारतं की हॅचबॅक का चालली नाही.

"उद्या दुपारपर्यंत" ही त्यांनी घातलेली मुदत आहे, कायद्याची नाही.

वंदना

---

प्रेषक: किरण

वंदनाताई म्हणाल्या ते बरोबर. पण गाडीत डॅशकॅम असता तर यातलं काहीच लागलं नसतं. मी मंडळासाठी घाऊक भावात आणायचं सुचवलं होतं, तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

---

प्रेषक: अरविंद

डॅशकॅम असो नसो, गाडी लागतेच.

---

प्रेषक: मेधा

इंजिनियर येऊन गेला. डिकीचा फ्लोअर आत दबलाय, मागचं दार लागत नाही, बहुतेक राइट-ऑफ म्हणाला, म्हणजे दुरुस्ती नाही, गाडीची किंमत देऊन मोकळे. आता माझी कर्टसी कार पण गेली का? आणि समोरच्यांनी दिली तर ती तरी किती दिवस राहील?

मेधा

---

प्रेषक: वंदना

कर्टसी कार बहुतेक गेलीच धर. ती गाडी दुरुस्त होईपर्यंत असते, दुरुस्तीच नाही तर ती कशी देतील? राइट-ऑफलाही गाडी मिळते ते वेगळं अ‍ॅड-ऑन असतं, पॉलिसीच्या पानावर बघ.

समोरच्यांची गाडी तुझ्या गाडीचे पैसे हातात पडेपर्यंत राहायला हवी, आणि दुसरी घ्यायला थोडे दिवस वर. ते दिवस आत्ताच लिहून घे. इथे लोक फसतात: पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला माणूस येतो. आणि किंमत कमी वाटली तर ताबडतोब लेखी कळव, तशाच मायलेजच्या गाड्यांच्या जाहिराती जोड. घेऊ की नको करत बसलीस तर तेवढ्या दिवसांच्या भाड्यावरूनच वाद होतो.

आणखी एक. राइट-ऑफचे पैसे शक्यतो आपल्याच कंपनीकडून घे. तिच्याशी वाद झाला तर आठ आठवड्यांनी किंवा अंतिम उत्तर आल्यावर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (अशा तक्रारी कोर्टाबाहेर सोडवणारी संस्था) जाता येतं. समोरच्या कंपनीची तू गिऱ्हाईक नाहीस, त्यामुळे तिच्याविरुद्ध ऑम्बुड्समन साधारणपणे तुझं ऐकत नाही. मग कोर्ट. आपल्याकडून घेतलेस तर एक्सेस आधी कापला जातो, तो मागाहून समोरच्याकडून वसूल करायचा. पॉलिसीत लीगल कव्हर असेल तर ते काम त्यांचं.

वंदना

---

प्रेषक: पराग

म्हणजे एका कंपनीकडून गाडी, दुसरीकडून पैसे, तिसरीकडून एक्सेस. आमच्या क्रेडिट हायरवाल्याने हे सगळं एका फोनवर केलं होतं. एवढंच म्हणायचं होतं.

---

प्रेषक: सुहास

पराग, त्या एका फोनचं बिल किती झालं होतं?

---

प्रेषक: पराग

मला माहीत नाही, मी भरलं नाही :)

---

प्रेषक: अरविंद

आपण सगळ्यांनी भरलं.

---

प्रेषक: मेधा

वंदना, तुझी यादी जशीच्या तशी ईमेलवर पाठवली. आधी त्या माणसाचा सूर जरा बदलला, "हे आम्ही सहसा लिहून देत नाही" वगैरे. मग संध्याकाळी सगळं लिहून आलं, रोजच्या खर्चासकट. इस्टेट गाडी आहे, म्हणजे मागे लांब डिकीची, व्हीलचेअर मावते. डिपॉझिट नाही, पण एक्सेस आहे. पैसे जमा झाल्यावर सात दिवस गाडी ठेवता येईल. ती घेतली. लिंकवाल्या बाईंना नको म्हणून लेखी कळवलं, त्यांचे फोन अजून चालू आहेत.

यांचं नाव दुसरा ड्रायव्हर म्हणून घालायला लायसन्सचा चेक कोड (त्यावरून त्यांना लायसन्स ऑनलाइन तपासता येतं) मागितलाय. तो कुठे मिळतो?

मेधा

---

प्रेषक: किरण

डीव्हीएलएच्या (लायसन्स देणारं सरकारी खातं) साइटवर, "व्ह्यू ऑर शेअर युवर ड्रायव्हिंग लायसन्स". नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पोस्टकोड जवळ ठेव. कोड 21 दिवस चालतो आणि एकदाच वापरता येतो, त्यामुळे गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी काढा.

---

प्रेषक: अरविंद

मेधा, तुझं रिन्यूअल जवळ आलंय. समोरच्याकडून सगळे पैसे येईपर्यंत तुझ्या कंपनीकडे हा क्लेम उघडाच दिसतो आणि नो क्लेम्स बोनस अडकतो. रिन्यूअलचं पत्र आलं की क्लेम मिटला का ते विचार, आणि नॉन-फॉल्ट अशी नोंद झाल्याचं ईमेलवर मागून घे. नव्या कंपनीकडे गेलीस तरी हा अपघात सांगावाच लागतो, चूक आपली नसली तरी.

शर्मिला, हे सगळं मंडळाच्या माहिती-फाईलमध्ये टाकायचं का?

---

प्रेषक: शर्मिला

फाईल मी सांभाळते. वंदनाने मला वेगळं लिहून दिलं तर टाकते. डॅशकॅमचं टाकणार नाही.