पहिली रिव्हर क्रूझ, आईबाबांना घेऊन: ऱ्हाईन की डॅन्यूब?

तन्वी_पुणे:
नमस्कार मंडळी, पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन युरोपात रिव्हर क्रूझ करायचं चाललंय. आमच्या घरात हा प्रकार कोणीच केलेला नाही, त्यामुळे ज्यांनी केलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. आई ६६, बाबा ७१, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर व्यवस्थित चालतात पण चढ आणि पायऱ्या फार झेपत नाहीत. दोघं पूर्वी एकदा बसची युरोप टूर करून आलेत आणि आल्यावर आईचं एकच म्हणणं होतं की रोज पहाटे उठून बॅगा भरायच्या, रोज नवं हॉटेल, बघितलं काय ते नीट आठवतसुद्धा नाही. एकदा बॅग उघडली की आठवडाभर तीच खोली, हे ऐकूनच ती खूश झालीय.

एजंटने दोन पर्याय दिलेत. एक ऱ्हाईन, माईन आणि डॅन्यूबवरून ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट १४ रात्री, दुसरा फक्त डॅन्यूबवर, जर्मनीतल्या पासाऊहून बुडापेस्ट ७ रात्री. तो म्हणतो पहिलाच घ्या, तेवढ्याच विमानभाड्यात पाच देश होतात. आम्ही तिघंही शाकाहारी, बाबांना अंडं चालतं. केबिन कुठली घ्यावी, महिना कुठला, आणि व्हिसा नक्की कुठल्या देशाचा काढायचा हेही सांगा. आईला बोट लागते (मांडव्याच्या लाँचमध्ये फार त्रास झाला होता), तर तेही.

राईनकाठी:
तन्वी, मी माइंझला राहते, ऱ्हाईन घरापासून चालत पाच मिनिटांवर, येणारे-जाणारे पाहुणे आणि या बोटी दोन्ही सतत बघत असते, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी बोट लागण्याचं. नदीत लाटा नसतातच म्हटलं तरी चालेल, बोट चाललीय की थांबलीय हे खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. मांडव्याची खाडी विसरा.

आता मुख्य मुद्दा. देश किती होतात हे मोजू नका, नदीचा सुंदर पट्टा दिवसाउजेडी डोळ्यांसमोरून जाणार का हे बघा. या बोटी बऱ्याचदा रात्री चालतात आणि दिवसा गावाच्या धक्क्याला उभ्या असतात, म्हणजे लोक झोपलेले असताना नदी निघून जाते. डॅन्यूबवर खरा बघण्यासारखा पट्टा म्हणजे ऑस्ट्रियातली वाखाऊ, मेल्क ते क्रेम्स, जेमतेम ३६ किलोमीटर, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, मध्येच ड्यूर्नश्टाइनचा निळा मनोरा आणि त्याच्या वर डोंगरावर पडका किल्ला, जिथे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता. ऱ्हाईनवर तसाच पट्टा रुडेसहाइम ते कोब्लेन्झ, ६५ किलोमीटर, एकामागून एक किल्ले, आणि काउबला तर नदीच्या मधोमध बेटावर जकात वसूल करायला बांधलेला एक चिमुकला किल्ला उभा आहे. दोन्ही पट्टे युनेस्कोच्या यादीत आहेत. एजंटकडून दिवसांचा नाही, तासांचा कार्यक्रम मागा. मेल्कहून बोट किती वाजता सुटते आणि क्रेम्सला किती वाजता पोचते, एवढं विचारा. प्रवाहाबरोबर खाली जाताना हे अंतर दोनेक तासांत संपतं, उलट दिशेने जवळपास तीन तास लागतात, म्हणून बुडापेस्टहून पासाऊकडे येणारी क्रूझ मिळत असेल तर तीही विचारात घ्या, वाखाऊ जास्त वेळ बघायला मिळते.

१४ रात्रींच्या क्रूझबद्दल. ती वाईट मुळीच नाही, उलट ज्याला इंजिनियरिंगची आवड आहे त्याच्यासाठी पर्वणी आहे. माईन नदीवर ३४ आणि माईन-डॅन्यूब कालव्यावर १६ लॉक्स, बोट एका बंद हौदात शिरते, दरवाजे लागतात, पाणी सोडतात आणि अख्खी बोट लिफ्टसारखी वर चढते. हा कालवा १७१ किलोमीटरचा, १९९२ साली पुरा झाला, सगळ्यात उंच ठिकाणी तो समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर आहे. शार्लमेन राजाने इसवी सन ७९३ मध्ये याच भागात दोन नद्या जोडायला खोदकाम केलं होतं, बाराशे वर्षांनी ते काम तडीला गेलं, मला हे दरवेळी सांगताना भरून येतं. पण पूल इतके ठेंगणे आहेत की त्या भागात वरचा सन डेक पुष्कळदा बंद ठेवतात, कप्तान जिथून बोट चालवतो ती केबिनसुद्धा खाली घेतात. पहिल्यांदा जाणाऱ्या, गुडघा सांभाळणाऱ्या माणसाला १४ रात्री लांब होतील असं मला मनापासून वाटतं. ७ रात्रींची डॅन्यूब करा.

कोथरूडचे_काका:
राईनकाठी ताईंशी पूर्ण सहमत. मी आणि सौ. पासाऊ-बुडापेस्ट करून आलोय, तेव्हा तिचाही गुडघा दुखत होता, त्यामुळे तुझ्या बाबांसाठी काय बघायचं ते सांगतो.

बोट साधारण ११० किंवा १३५ मीटर लांब आणि फक्त ११.४ मीटर रुंद असते, कारण माईन आणि कालव्यावरची लॉक्स १२ मीटरची. म्हणजे जागा सगळी लांबीत, केबिन लहान. लिफ्ट असते, पण ती बहुतेक मधल्या दोन मजल्यांपुरतीच, सगळ्यात खालच्या डेकला आणि वर सन डेकला पायऱ्याच. तेव्हा बुकिंगच्या आधी डेक प्लॅन मागव आणि लिफ्ट कुठून कुठपर्यंत जाते ते बघ. खालच्या डेकची केबिन स्वस्त मिळते पण खिडकी छताजवळ, उघडत नाही, पाण्याच्या जेमतेम वर. मधल्या डेकवर फ्रेंच बाल्कनीची घ्या. फ्रेंच बाल्कनी म्हणजे बाहेर उभं राहायला जागा नसते, फक्त काचेचं मोठं दार सरकतं आणि पुढे कठडा. तरी पुरतं, सकाळी दार उघडून चहा घेत बसता येतं.

अजून एक, जे ब्रोशरमध्ये दिसत नाही. धक्क्यांवर गर्दी असली की बोटी एकमेकींना चिकटून लावतात, दोन, तीन, कधी चारसुद्धा. मग तुमच्या महागड्या बाल्कनीसमोर दुसऱ्या बोटीची केबिन, पडदे ओढून घ्यावे लागतात, आणि गावात जायला मधल्या बोटीच्या लॉबीतून किंवा तिच्या सन डेकवरून जावं लागतं, म्हणजे परत जिना. व्हिएन्ना आणि बुडापेस्टला हे आम्ही अनुभवलं. त्यामुळे केबिनसाठी सगळ्यात महागडा वर्ग घेऊ नका, ते पैसे शेवटी बुडापेस्टच्या हॉटेलात दोन रात्री जास्त राहायला वापरा.

चालण्याचं म्हणाल तर जुन्या गावांतले रस्ते दगडी फरसबंदीचे, गुडघ्याला तेच जास्त छळतात. जाड तळाचे बूट आणि घडीची काठी. मेल्कचा मठ टेकडीवर आहे पण बस वरपर्यंत नेते, तो चुकवू नका, ग्रंथालय आणि चर्च बघून आमची ही अर्धा तास कोणाशी बोलली नाही. ड्यूर्नश्टाइनच्या किल्ल्यावर बाबांनी चढू नये, खाली गावात बसून जर्दाळूचा जॅम आणि पाव खावा. बऱ्याच कंपन्या सहलीत हळू चालणाऱ्यांचा वेगळा गट करतात, पहिल्याच दिवशी रिसेप्शनला नाव नोंदवा.

जेवण: बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि बोटीवर गेल्यावर रेस्टॉरंटच्या मुख्य माणसाला स्वतः भेटा. नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारायचं, आणि तिकडे मासे खाणाऱ्यालाही काही लोक शाकाहारी समजतात. आमच्यासाठी रोज काहीतरी वेगळं केलं, शेवटी शेवटी शेफ स्वतः येऊन विचारायचा. सकाळचा नाश्ता भरपूर असतो. बुडापेस्टला लांगोश खा, तळलेली मोठी पुरी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. चिवडा, लोणचं, मेतकूट न्या, पण पेढे-बर्फी नेऊ नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. छोटा राइस कुकर न्यायचा विचार असेल तर सोडा, आगीच्या भीतीने बोटीवर चालत नाही.

व्हिसाभिडू:
व्हिसाचं पटकन सांगतो. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, पण अर्ज त्या देशाकडे जिथे सगळ्यात जास्त दिवस जातात, दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडतं त्या देशाकडे. पासाऊ-बुडापेस्टमध्ये बहुतेक ऑस्ट्रिया येतो, पण काकांनी सांगितलं तसं बुडापेस्टला जास्त राहिलात तर गणित हंगेरीकडे झुकू शकतं, म्हणून आधी हॉटेलं ठरवा मग अर्ज. कुठल्या तारखेला बोट कुठल्या बंदरात हे लिहिलेलं क्रूझ कंपनीचं पत्र घ्या. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत तेव्हा उशीर करू नका. बुडापेस्टच्या पुढे सर्बियात जाणारी क्रूझ घेणार असाल तर तो शेंगेनमध्ये नाही, मल्टिपल एंट्री बघून घ्या. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील, तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना हिशोबात येतो, पावती जपा.

सह्यभटका:
मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. नदीचे सुंदर पट्टे जर ३६ आणि ६५ किलोमीटरचेच आहेत तर क्रूझ हवीच का? क्रेम्स ते मेल्क आणि रुडेसहाइम ते कोब्लेन्झ या दोन्ही ठिकाणी सीझनमध्ये दिवसाच्या प्रवासी बोटी चालतात, तिकीट काढायचं आणि बसायचं. आम्ही व्हिएन्नात हॉटेल घेऊन राहिलो, सकाळी ट्रेनने मेल्क, मठ बघितला, दुपारच्या बोटीने क्रेम्स, संध्याकाळी ट्रेनने परत, खर्च क्रूझच्या पासंगालाही नाही आणि वाखाऊ अख्खी उन्हात बघितली.

राईनकाठी:
सह्यभटका, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींना मी हेच करायला लावते. पण तन्वीच्या आईची मागणी वेगळी आहे हो, तिला बॅगा, स्टेशनं, प्लॅटफॉर्म बदलणं नकोय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ट्रेनच्या पायऱ्या आणि सामान झेपत नाही, तिथे बोट फार मोठा आराम देते. शहर आपल्याकडे येतं, जेवण तयार, दमलं तर खोली शंभर पावलांवर.

तन्वी_पुणे:
सगळ्यांचे खूप खूप आभार, १४ रात्रींचा विचार सोडला. आता दोनच शंका. एक म्हणजे महिना, आईला ख्रिसमस मार्केटं बघायचीत म्हणून डिसेंबर म्हणतेय. दुसरी, नेटवर वाचलं की पाणी कमी झालं की बोट थांबते आणि लोकांना बसमधून नेतात, हे खरंच होतं का? तसं झालं तर आईची परत तीच बस टूर.

राईनकाठी:
हो, खरंच होतं. ऱ्हाईनवर काउबला पाण्याची पातळी मोजतात, ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथलं रीडिंग २५ सेंटीमीटरवर आलं होतं, ऑगस्ट २०२२ मध्येही ३०-३२ च्या आसपास. हे रीडिंग म्हणजे नदीची खोली नव्हे, बोटींच्या मार्गात त्याहून मीटरभर जास्त पाणी असतं, पण या बोटींना साधारण दीड मीटर तरी लागतं, तेव्हा अशा वेळी अडचण होतेच. डॅन्यूबवर पासाऊच्या वरच्या बाजूला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा धरण नसलेला पट्टा सगळ्यात आधी अडतो, तुमची क्रूझ पासाऊहून निघणार म्हणून तो टळतो. वाखाऊत आणि व्हिएन्नाच्या खालीही नदी मोकळी वाहते, त्यामुळे धोका शून्य नाही. उलट पूर आला तरी बोट अडकते कारण पुलाखालून जायला जागा उरत नाही. जून २०१३ मध्ये पासाऊला पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, तिथे इन नदी आल्प्सचं पाणी घेऊन मिळते ना. सप्टेंबर २०२४ च्या पुरातही ऑस्ट्रियात बोटी थांबवल्या होत्या.

असं झालं की कंपन्या दोनपैकी एक करतात. अडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना आपल्या बोटी असतील तर प्रवाशांना बसने पलीकडे नेऊन तशाच दुसऱ्या बोटीवर त्याच नंबरच्या केबिनमध्ये ठेवतात, हे त्यातल्या त्यात बरं. नाहीतर बोट जागेवर उभी आणि रोज बसने सहली. म्हणून बुकिंगच्या आधी दोन प्रश्न मेलवर विचारा: या मार्गावर तुमच्या एकसारख्या किती बोटी आहेत, आणि क्रूझची बस झाली तर पैसे किती परत. बहुतेकांच्या अटींमध्ये मार्ग बदलायचा हक्क कंपनीकडे असतो, ते वाचा. व्हिसासाठी काढलेला इन्शुरन्स हॉस्पिटलचा असतो, प्रवास अर्धवट राहिला तर भरपाई देणारा वेगळा बघावा लागतो.

डिसेंबरबद्दल: मार्केटं खरंच सुंदर, व्हिएन्नाच्या राटहाउससमोरचं, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोरचं, तर आईंना नक्की आवडेल. पण तेव्हा तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, द्राक्षांचे मळे उघडे काळे, वरच्या डेकवर थंडीने उभं राहवत नाही. मार्केटंच बघायची असतील तर डिसेंबरात व्हिएन्नाचं हॉटेल घ्या, क्रूझ कशाला. नदी बघायची असेल तर मे किंवा सप्टेंबर. मी स्वतः सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घेईन, द्राक्षांची काढणी चालू असते, ऊन कोवळं असतं, बाबांना चालायला बरं.

कोथरूडचे_काका:
आणि एक राहिलं. क्रूझच्या दिवशीच विमानाने उतरू नका. एक रात्र आधी पोचा, मुंबईहून म्युनिक थेट आहे, तिथून पासाऊ ट्रेनने अडीच-तीन तास, आईबाबांना बरं वाटलं तर संध्याकाळी तीन नद्यांचा संगम चालत बघून या, इन, इल्झ आणि डॅन्यूब, तिन्हींच्या पाण्याचे रंग वेगळे दिसतात आणि तिथे जायचा रस्ता सपाट आहे. बुडापेस्टला बोट रात्री शिरते का तेही त्या तासांच्या कार्यक्रमात बघ, दिव्यांतलं पार्लमेंट बोटीच्या वरच्या डेकवरूनच बघायचं असतं, त्यासाठी बाबांना हाताला धरून जिना चढवलास तरी हरकत नाही.