सबवूफर सिनेमात गाजतो, गाण्यात गप्प बसतो, वर घूं करतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरला सुदामानगरात राहतो. हॉल १४ फूट बाय ११ फूट, छत १० फुटांवर, उजवीकडची भिंत शेजाऱ्यांशी सामायिक. टीव्ही ११ फुटी भिंतीवर आणि सोफा त्याच्या समोर, मागच्या भिंतीला अगदी टेकून. ५.१ चा (पाच स्पीकर आणि एका सबसाठीचा) एव्ही रिसिव्हर, पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, मधे सेंटर. मागचे दोन अजून खोक्यातच आहेत, कारण आईला भिंतीला भोकं नको आहेत. १० इंची ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला, फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर (पुढे नुसतं 'सब'), टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात. रिसिव्हरच्या सब प्री-आउटमधून (सबचा सिग्नल बाहेर देणारा सॉकेट) एकच आरसीए वायर सबच्या एलएफई (खास खालच्या बेसच्या) इनपुटला जाते. ऑटो कॅलिब्रेशन (रिसिव्हर खोलीतला आवाज मोजून पातळ्या स्वतःच लावतो ते) रिसिव्हरबरोबर आलेला माइक लावून केलं आहे.

सिनेमा लावला की सब घर दणाणून सोडतो, पण गाणी लावली की त्याला काही देणंघेणंच नाही. जाळीवर हात ठेवला तरी हालचाल जाणवत नाही. रात्री हळू आवाजात सिनेमा बघताना तर मधेच झोपी जातो, हिरव्या दिव्याचा लाल होतो आणि पुढच्या मारामारीला ढुम्म करून उठतो. बाबा दचकतात.

कॉन्सर्टच्या डिस्क लावल्या की सब वाजतो, पण मग दुसराच त्रास. बेस गिटारचा अगदी खालचा एक स्वर सोफ्यावर बसलेल्याला नको नको होईल इतका फुगतो. त्याच्या वरचे स्वर बरे आहेत. गंमत म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की तोच स्वर मापात. आई म्हणते, "मग इथेच बसून ऐका, कणीक तरी मळून होईल."

शिवाय केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्सला जोडली की सबमधून घूं सुरू होतं, आवाज शून्यावर असला तरी. शेजारच्या काकूंनी परवा विचारलंच, "तुमच्याकडे गिरणी बसवली का हो?"

महाराणी रोडवरच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "भिया, एक और लगा लो, मजा आ जाएगी." खर्चाची तयारी आहे, पण एकच धड वाजत नसताना दुसरा कशाला आणायचा? बाबा मुख्यतः शास्त्रीय ऐकतात. एका मित्राचं म्हणणं की शास्त्रीयला सब लागतच नाही, क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झच्या खालचे स्वर स्पीकरऐवजी सबकडे जातात ती सीमा) ४० वर ठेव. हे बरोबर आहे का? अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद – रामबाग

आधी रिसिव्हरच्या मेनूत बघा, फ्रंट स्पीकर 'लार्ज' असणार. कॅलिब्रेशन पुष्कळदा तसंच करून ठेवतं. सिनेमाच्या ट्रॅकमध्ये एलएफई हा वेगळा चॅनल असतो (५.१ मधला '.१' तो हाच), तो थेट सबला जातो. गाणी दोन चॅनलची, त्यांत तो नसतोच. फ्रंट 'लार्ज' म्हटल्यावर रिसिव्हर सगळा बेस त्यांनाच देतो, सबच्या वाट्याला काही उरत नाही. 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. बुकशेल्फना त्यात कमीपणा काही नाही, उलट ते मोकळे होतात. 'एलएफई + मेन' असा पर्याय दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, खालचा बेस दोन ठिकाणांहून येऊन चिखल होतो. गाणी 'डायरेक्ट' मोडमध्ये ऐकत असाल तर तेही बदला, बऱ्याच रिसिव्हरांत त्या मोडमध्ये क्रॉसओव्हर चालतच नाही.

सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा नॉब शेवटपर्यंत वर फिरवून ठेवा. तुमच्या एलएफई इनपुटवर तो बहुधा आपोआप बाद होतो, पण होत नसेल तर एकावर एक दोन फिल्टर बसतात.

झोपेचं म्हणाल तर सबच्या गेनचा (आवाजाच्या पातळीचा) नॉब फार वर असणार. मग कॅलिब्रेशन रिसिव्हरमधली सबची पातळी खूप खाली ओढतं, वायरीतून येणारा सिग्नल इतका अशक्त होतो की सबला वाटतं सगळं बंद झालं. गेन कमी करून कॅलिब्रेशन पुन्हा चालवा. नाहीतर सबवरचं, आपोआप बंद-चालू करणारं 'ऑटो'चं बटण सरळ 'ऑन'वर.

प्रतिसाद – ग्वाल्हेरकर

घूं म्हणजे ग्राउंड लूप. केबलच्या वायरीचं जाळीदार कवच कुठेतरी दूर खांबावर अर्थ झालेलं (जमिनीशी जोडलेलं) असतं, तुमचा रिसिव्हर आणि सब घरच्या अर्थला. दोन अर्थांमध्ये थोडा फरक असला की आरसीएच्या कवचातून प्रवाह वाहतो आणि ५० हर्ट्झ व त्याच्या पटींतला आवाज सब इमानदारीने वाजवतो. केबल जोडली की घूं सुरू होतं असं तुम्हीच लिहिलं आहे, म्हणजे निदान झालंच. केबल टीव्हीच्या वायरीत मधे बसवायचा आयसोलेटर मिळतो, तो लावा. टीव्ही, रिसिव्हर, सब सगळे एकाच बोर्डावर घ्या. आणि कोणी कितीही सांगितलं तरी तीन पिनांतली जाड (अर्थची) पिन काढून टाकायची नाही. घूं जाईल, पण उद्या आत काही बिघडलं तर पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसेल.

प्रतिसाद – खरजातला सा

तुमच्या आईने अर्धं निदान केलं आहे. स्वयंपाकघराचं दार १४ फुटी भिंतीच्या मधोमध आहे का?

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. ३४३ ला त्याच्या दुपटीने भागलं की ४० हर्ट्झ. या स्वराला तुमच्या खोलीची लांबी नेमकी मानवते, तो दोन टोकांच्या भिंतींशी चढतो आणि मधोमध पडतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ. सब एका टोकाला, तेही कोपऱ्यात, आणि तुमचे कान दुसऱ्या टोकाला. फुगणार नाही तर काय!

सोफा भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे घ्या. मग सब उचलून सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने कान जमिनीलगत ठेवून रांगत जा. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे सब ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या. जागा ठरल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा. माइकने सबचं अंतर मोजायच्या टेपपेक्षा जास्त दाखवलं तर खोडू नका, सबच्या आतल्या फिल्टरचा उशीर त्यात धरलेला असतो.

मित्राचा ४० चा सल्ला सोडून द्या. पांढरी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खरज ६५ हर्ट्झच्या आसपास येतो, डग्ग्याचा घुमारा त्याच्या जरा वर. शास्त्रीयला सब लागतो, फक्त तो आहे हे कळता कामा नये.

दुसरा सब आवाजासाठी नसतो, खोलीत जागोजागी बेस सारखा पोचावा म्हणून असतो. त्याच कोपऱ्यात दुसरा ठेवलात तर तोच स्वर दुप्पट जोमाने फुगेल. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवता येत असतील तरच पैसे घाला.

धागाकर्ता

मंडळी, कमाल! दार अगदी मधोमधच आहे. फ्रंट 'लार्ज'च निघाले, 'स्मॉल' आणि ८० केल्याबरोबर गाण्यांत जीव आला. गेन उतरवून पुन्हा कॅलिब्रेशन केलं, काल रात्री सब जागा राहिला. रांगण्याचा कार्यक्रम बाबांच्या देखरेखीखाली पार पडला. सब आता डाव्या भिंतीला, समोरच्या भिंतीपासून साधारण ४ फुटांवर आहे. तो स्वर अजून किंचित जाड लागतो, पण आता ऐकवतो. सोफा दीड फूटच पुढे येऊ शकला, त्यापुढे झाडूवालीचा विरोध आहे. आयसोलेटर आणायचा आहे, तोवर केबल काढूनच ऐकतो.

दोन गोष्टी राहिल्या. सबखाली फोम घातला तर काकूंचा त्रास कमी होईल का? आणि सबवरचं फेजचं (सबची लाट सरळ की उलटी ठेवायची त्याचं) बटण ० वर ठेवू की १८० वर?

प्रतिसाद – रामबाग

फोमने फरशीची थरथर कमी होईल, भिंतीतून जाणारा बेस अडणार नाही. तो पुष्कळसा हवेतून भिंतीवर आदळून पलीकडे जातो. रात्री दहानंतर रिसिव्हरमधून सब ४-५ डेसिबल खाली घ्या, काकूंना तेच कळेल. फेजसाठी ८० हर्ट्झचा टोन लावून सोफ्यावर बसा, दुसऱ्या कोणाला तरी बटण इकडून तिकडे करायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, तीच ठेवा.