सॉल्ट लेक सिटी: कोर्टहाउस स्टॉपवर गाडी बदलण्याबद्दल मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. आई-बाबा येत्या रविवारी संध्याकाळी सॉल्ट लेक सिटीला उतरतायत. विमानतळावरून ट्रॅक्सची (तिथल्या शहरी रेल्वेची) ग्रीन लाइन, कोर्टहाउसला उतरून रेड लाइनने युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटर, असा बेत आहे. ड्यूटीमुळे मला आणायला जाता येत नाही. टॅक्सी सुचवू नका, आईला गाडी लागते. रेल्वेत काही होत नाही.

डाउनटाउनमधला मोफत प्रवासाचा पट्टा विमानतळापर्यंत नाही, म्हणून तिकीट काढून देतोय. इंग्रजी पाट्या दोघांनाही वाचता येतात. पण बाबांचा गुडघा दुखतो आणि बॅगा जड (लोणच्याच्या बरण्या असणारच!). नकाशात गाडी कुठे बदलायची ते कळतं, पुढचं नाही.

ग्रीनमधून उतरल्यावर युनिव्हर्सिटीकडे जाणारी रेड त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला लागते, की सिग्नल ओलांडून पलीकडे जावं लागतं?