जी जाहिरात कुठेही उभारलेली नाही, तिला मराठीत काय म्हणावे?

संगणकीय दृश्यरचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक मराठी पुस्तिका लिहिताना माझे काम एका संज्ञेपाशी अडले आहे, म्हणून हा विषय येथे मांडतो. रस्ता, चौक किंवा रेल्वेस्थानक अशा सार्वजनिक जागी एखादी भव्य जाहिरात अवतरली आहे असे भासवणारी, प्रत्यक्षात संगणकावर घडवलेली आणि केवळ समाजमाध्यमांवर दाखवण्यासाठी केलेली काही सेकंदांची चित्रफीत, असा हा प्रकार आहे. घराबाहेरच्या जाहिरातींना व्यवसायात ‘आउट ऑफ होम’ म्हणतात. त्याआधी ‘फेक’ (खोटे) लावून ‘फेक आउट ऑफ होम’ हे या प्रकाराचे नाव तयार झाले आणि ते रूढ करण्याचे श्रेय इयन पॅजम या कलावंताला दिले जाते. एप्रिल २०२३ मध्ये झाकमूस या फॅशन कंपनीसाठी त्यांनी केलेल्या चित्रफितीत बसएवढ्या हातपिशव्या चाकांवर पॅरिसच्या रस्त्यातून धावतात. त्याच वर्षी जुलैमध्ये मेबलीन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या मस्काऱ्यासाठी, म्हणजे पापण्यांना लावायच्या रंगासाठी, केलेल्या चित्रफितीत लंडनच्या भुयारी गाडीला लांब पापण्या आहेत आणि स्थानकात शिरताना त्या एका प्रचंड ब्रशवरून घासत जातात. हे खरेच घडले, असे अनेक प्रेक्षकांना वाटले.

‘फेक’साठी ‘बनावट’ हा शब्द चटकन सुचतो, परंतु तो येथे दिशाभूल करतो. ‘बनावट नोट’ म्हणताना खऱ्या नोटेची लबाडीने केलेली नक्कल आपल्या मनात असते. येथे जाहिरात खरी आहे, ती देणारी कंपनी खरी आहे आणि विकायची वस्तूही खरी आहे. खोटे आहे ते फक्त तिचे त्या जागी असणे. शिवाय ‘बनावट’चा मूळचा ‘घडण’ हा अर्थ अजून जिवंत आहे. ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ या सरकारी शब्दप्रयोगात खोटेपणाचा लवलेशही नाही. ‘बनावट जाहिरात’ असे लिहिले, तर कंपनीच्या नावावर तिसऱ्याच कोणीतरी केलेली फसवणूक असा अर्थ वाचक घेईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

‘आभासी फलक’ हा पर्याय काही सहकाऱ्यांनी सुचवला आहे. त्यातील ‘फलक’ या शब्दाला माझी हरकत आहे, कारण फलक म्हटले की सांगाडा, पाया, वजन, परवाना आणि जबाबदार माणूस या गोष्टी ओघाने येतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे कोसळलेल्या महाकाय फलकाने १७ जणांचे प्राण घेतले. ज्याला वजनच नाही आणि ज्यासाठी एक खड्डाही खणावा लागत नाही, त्याला तेच नाव देणे मला पटत नाही. ‘आभासी’ची अडचण वेगळी आहे. शाळेच्या विज्ञानात आपण शिकलो की आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. येथे तर पडद्याखेरीज त्या वस्तूला अस्तित्वच नाही.

या कामाचे वर्णन करताना ‘हुबेहूब’ हे विशेषण सर्रास वापरले जाते, पण मला ते ‘बेमालूम’इतके नेमके वाटत नाही. ‘हुबेहूब’ अरबी-फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘तो म्हणजे तोच’ असा भाव आहे, म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहायचे असे मूळ हवे. बसएवढ्या हातपिशवीला मूळ कुठले? ‘बेमालूम’ म्हणजे कळून न येणारे; कुशल रफूगराच्या कामाला आपण हाच शब्द लावतो, आणि अशा चित्रफिती करणाऱ्या कलावंताचे कामही सांधा लपवण्याचेच आहे. तो आधी खऱ्या रस्त्याचे चित्रण करतो, बहुधा हातात धरलेल्या मोबाइलने आणि उभ्या चौकटीत. मग त्या चित्रणावरून कॅमेऱ्याची प्रत्येक हालचाल संगणकाकडून शोधून घेतो, म्हणजे नंतर बसवलेली वस्तू हात हलला तरी जागेवरून सरकत नाही. त्या जागेच्या प्रकाशाची नोंद चहूबाजूंच्या छायाचित्रांतून घेऊन तोच प्रकाश वस्तूवर पाडतो. पुढून जाणारा माणूस चौकटीगणिक कापून पुन्हा वस्तूच्या पुढे आणावा लागतो. सर्वांत कठीण असते ती वस्तू जमिनीला टेकते तिथली सावली: ती जरा फिकट पडली तरी वस्तू तरंगते आणि सगळा डाव उघडा पडतो. विद्यार्थ्यांनी सर्वाधिक वेळ याच चार बोटे जागेवर घालवावा, असे मी आग्रहाने सांगतो.

एकूण प्रकारासाठी मी ‘नजरबंदी जाहिरात’ असे सुचवतो. जत्रेतल्या गारुड्याचा नजरबंदीचा खेळ पाहणाऱ्याला तो खेळ आहे हे ठाऊक असते आणि तरीही तो डोळे विस्फारून पाहतो. या चित्रफितींचे उत्तम नमुने पाहतानाचा अनुभव तसाच असतो. हिंदीच्या प्रभावामुळे ‘नजरबंद’ म्हणजे स्थानबद्ध असा अर्थ कोणी काढील, पण त्यासाठी मराठीत ‘नजरकैद’ हा स्वतंत्र शब्द असल्यामुळे गोंधळ होऊ नये.

मात्र हे नाव व्यवसायापुरते. प्रेक्षकाला चित्रफितीवरच सूचना द्यायची असेल, आणि माझ्या मते ती दिलीच पाहिजे, तर तिथे ‘नजरबंदी’ची खुमारी नको. ‘हे दृश्य संगणकावर तयार केले आहे, प्रत्यक्षात असे काही उभारलेले नाही’ ही दोन सरळ वाक्ये पुरेशी आहेत. ‘संगणकनिर्मित’ हा एकच शब्द त्यांच्या जागी टाकणे मला अपुरे वाटते, कारण आज छापील फलकावरचे चित्रही संगणकावरच तयार होते आणि तो फलक तरीही चौकात खराखुरा उभा असतो.

एक शंका उरते. रस्त्याच्या ज्या मूळ, वस्तू बसवण्यापूर्वीच्या चित्रणावर हे सारे रचले जाते, त्याला या व्यवसायात ‘प्लेट’ म्हणतात. मराठीत ‘प्लेट’ ताटलीकडे जाते आणि ‘पार्श्वभूमी’ म्हणावे तर त्यातील काही माणसे वस्तूच्या पुढे असतात. ‘पायाचित्रण’ असा शब्द मी तूर्त योजला आहे; रंगभूमीवर किंवा चित्रपटात पडदे रंगवणाऱ्यांच्या बोलीत याहून चांगला शब्द असल्यास तो जाणकारांनी कळवावा.